अर्ध्या सेकंदाची चप्पल

आमचे हे चप्पल घालत नसत. घरात अनवाणी आणि बाहेर नाडीचे बूट. कोपऱ्यावरून दूध आणायचं असलं तरी हे खाली बसून आठ-आठ भोकांतून नाडी ओवणार, आणि मी दारात उभी राहून म्हणणार, "अहो, दूध आणायचंय, डोंगर नाही चढायचा." लग्नाला चाळीस वर्षं झाली. त्यातली अडतीस मी हे वाक्य म्हणत आले. राहिलेल्या दोन वर्षांत काय झालं ते सांगणारच आहे, पण आधी माणूस कसा आहे ते सांगू द्या, नाहीतर पुढचं तुम्हाला खरं वाटायचं नाही.

ह्यांचा धंदा सरकत्या दारांचा. कपाटाचं असो, दुकानाचं असो की दवाखान्याचं, जे दार बाजूला सरकतं ते ह्यांचं. खिशात कायम पाणसळ. पाणसळ म्हणजे बोटाएवढी काचेची नळी, आत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध उभा राहिला की जागा सपाट. हॉटेलात वेटर पाणी ठेवायच्या आत हे टेबलावर पाणसळ ठेवतात, "डावीकडे उतार आहे" म्हणतात आणि कागदी रुमालाची घडी करून पायाखाली सरकवतात. माझ्या भाचीच्या लग्नात तर स्टेजवर चढले. नवरा-नवरी उभी, फोटोवाला खोळंबलेला, आणि आमचे हे दोघांच्या मध्ये गुडघ्यावर, बुडबुडा बघतायत. त्या दिवशी जेवण होईपर्यंत मी ह्यांना ओळख दाखवली नाही.

ह्यांनी बसवलेलं दार वाजत नाही. एका बोटानं ढकललं तरी जातं आणि शेवटच्या चार बोटांवर आपोआप हळू होतं. त्यामुळे आमच्या घरात रागानं दार आपटायची सोयच नाही. मी तीस वर्षं कापडाच्या दुकानात काउंटरच्या मागे उभी होते. दिवसभर गिऱ्हाइकांशी घसा फोडून घरी यावं, एखाद्या दिवशी तणतणत आतल्या खोलीत जावं, दार खाडकन लावावं, तर ते आपलं लोण्यातून गेल्यासारखं हळूच मिटतं. भांडणाची सगळी मजा जाते. आवाज माझा मोठा आणि ह्यांना तो नाहीच. म्हणून आमच्यात बोलायचं काम माझ्याकडे आणि सरकवायचं ह्यांच्याकडे.

तर ती पहिली दोन वर्षं. तेव्हा हे सिनेमात होते. डोळे मोठे करू नका, पडद्यावर नव्हते. कॅमेरा ज्या गाडीवर ठेवतात ती ट्रॉली ढकलायचं काम ह्यांचं. आधी रूळ टाकायचे, रुळांखाली लाकडी पाचरी मारायच्या, पाणसळ लावायची, चाकांना पावडर चोळायची. मग कॅमेरा, कॅमेऱ्यामागचा माणूस आणि त्याचं स्टूल असं सगळं मिळून ढकलायचं. तेही असं, की पडद्यावर बघणाऱ्याला कोणी ढकलतंय ह्याचा संशयसुद्धा येता कामा नये. पावलं वाजू नयेत म्हणून हे अनवाणी ढकलत. सेटवर सगळे ह्यांना 'मुंगी' म्हणत. मुंगीचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं, आणि घर कुठे ते तर नव्हतंच नव्हतं.

ज्यांच्यासाठी ढकलायचे ते भुताचे सिनेमे काढत. दिग्दर्शकही तेच आणि कॅमेराही तेच चालवत. म्हणत, "मी जिथे घाबरतो तिथे दुसऱ्याला कसा उभा करू?" सेटवर त्यांना 'दादा' म्हणत. बाहेर त्यांच्या चाहत्यांनी त्यांचं नाव ठेवलं दचकवे. इतकं चिकटलं, की मला कितीतरी दिवस ते आडनावच वाटत होतं.

मी नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात ह्यांना चपला घेतल्या. तपकिरी, जाड रबरी तळाच्या, अंगठा शिवलेल्या. नव्या चपला सेटवरून नाहीशा होतात, म्हणून हे त्या दाराबाहेर काढायच्या ऐवजी रुळाच्या कडेला, डोळ्यांसमोर ठेवत. सिनेमाचं नाव होतं 'पायऱ्या मोजू नका'. लांबलचक बोळातून नायिका जिन्याकडे चाललीय आणि कॅमेरा तिच्या मागे, असा प्रसंग. सकाळपासून दिवे लावत होते. चौथ्यांदा घेताना कोणाच्या तरी पायानं वायर ओढली गेली, वायरीबरोबर डावी चप्पल सरकली ती थेट रुळावर, आणि ह्यांचं चाक तिच्यावर चढलं.

कॅमेरा उडाला. अर्धा सेकंद वर छताकडे गेला आणि पुन्हा खाली आला. दादा स्टुलावरून पडता पडता वाचले. ते खाली उतरले, चप्पल उचलली, ह्यांच्याकडे बघितलं आणि एकच शब्द बोलले. "चप्पल." मग ती चप्पल काखेत मारून, कॅमेऱ्यातली फिल्म काढून घेऊन तरातरा निघून गेले. त्या दिवसाचं काम तिथेच बंद झालं.

हे घरी आले ते अनवाणी, हातात उजवी चप्पल. मी विचारलं, "दुसरी कुठेय?" म्हणाले, "संपलं." दिवसभराची मेहनत आपण मातीत घातली, एवढा मोठा माणूस, ओरडलासुद्धा नाही, म्हणजे किती दुखावला असेल, हे एवढंच रात्रभर घोकत बसले. मी म्हटलं, "सकाळी जा, माफी मागा आणि मोकळे व्हा." म्हणाले, "उद्या." मग परवा, मग तेरवा. पंधरा दिवसांत आम्ही माझ्या दुकानाजवळ खोली घेतली, हे माझ्या मामाकडे सुतारकामाला लागले आणि तो उद्या अडतीस वर्षं लांबला. दचकवेंचा एकही सिनेमा ह्यांनी पाहिला नाही. रस्त्यात पोस्टर दिसलं की पलीकडच्या फुटपाथवर जायचे. टीव्हीवर भुताचं काही लागलं की उठून घरातल्या दारांना तेल घालत बसायचे. तेव्हापासून बूट.

मागच्या वर्षी दचकवे गेले. पेपरात फोटो आला. ह्यांनी बातमी वाचली, पेपराची घडी घातली आणि तीन दिवस कपाटावर, खिडकीत, माझ्या शिवणाच्या मशिनवर पाणसळ ठेवत हिंडले. बुडबुड्याकडे बघतच नव्हते. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "आता कोणाला सांगू?" मला इतकं वाईट वाटलं की मी ओरडलेसुद्धा नाही.

आता ह्यात दातांचा डॉक्टर कसा आला ते ऐका. त्याच्या दवाखान्याचं सरकतं दार किरकिरत होतं म्हणून त्यानं ह्यांना बोलावलं. बाहेर बाकावर गालाला हात लावून चार पेशंट बसलेले, दाराची किरकिर ऐकून अजून पांढरे पडलेले. ह्यांनी दार उतरवलं, चाकं साफ केली. डॉक्टर म्हणाला, "काका, थोडीशी किरकिर ठेवता येईल का? वातावरण छान येतं." हे म्हणाले, "मी वाजतं दार ठेवत नाही." आणि आत पाऊल टाकलं तर समोर, म्हणजे समोर नाही, वर, खुर्चीच्या डोक्यावर छताला 'पायऱ्या मोजू नका'चं हे एवढं पोस्टर. डॉक्टर खुशीत म्हणाला, "पेशंट आडवा झाला की आपोआप आ करतो. मला सांगावं लागत नाही."

हा डॉक्टर दचकप्रेमी मंडळाचा अध्यक्ष निघाला. दचकवेंना जाऊन वर्ष होतंय, रविवारी आम्ही सगळे चाहते जमतोय, म्हणाला. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तीस फूट रूळ टाकायचे, छोटी ट्रॉली ठेवायची, आणि प्रत्येकानं तिच्यावर बसून तो शॉट घेऊन बघायचा. "तुम्ही रुळांचे उस्ताद आहात काका, हे काम तुमचंच." ह्यांनी विचारलं, "कुठला शॉट?" तर डॉक्टरनं हातातली पकड खाली ठेवली आणि अर्धा तास सांगितलं. बाहेर चौघं गाल धरून बसलेलेच.

डॉक्टरचं म्हणणं असं. त्या बोळातल्या प्रसंगात कॅमेरा एकदम वर झटकतो. अर्ध्या सेकंदाचा खेळ, पण आख्खं थेटर किंचाळतं. त्याच्यानंतरच्या प्रत्येक सिनेमात एकदा तरी तो झटका आहेच. आणि दचकवेंच्या वह्यांत त्या त्या ठिकाणी इंग्रजी अक्षरांत एक शब्द लिहिलाय. डॉक्टरनं तो शोधून काढला होता. 'शापाल'. हा कोणीतरी परदेशी कॅमेरावाला असणार आणि ही त्याची पद्धत असणार. डॉक्टरनं त्याच्यावर बावीस पानी लेख लिहिला होता, 'शापाल आणि भीतीचं व्याकरण' ह्या नावाचा. तो मंडळात सगळ्यांना पाठ होता.

हे घरी आले ते राखेच्या रंगाचे होऊन. सगळं सांगितलं. मी एका कागदावर इंग्रजीत चप्पल लिहून बघितलं आणि कागद डोळ्यांसमोर धरून आडवी पडेपर्यंत हसले. सी, एच, ए, पी, ए, एल. शिफॉनसारखं वाचलं की झालं शापाल. आम्ही दुकानात कापडांची परदेशी नावं वाचताना ह्याहून कमी गोंधळ घालायचो. ह्यांना मात्र हसू येईना. "झटका सिनेमात ठेवलाय, म्हणतो तो डॉक्टर," हे म्हणाले. "ठेवला असेल नाइलाजानं. पुन्हा दिवे कोण लावणार? आणि वहीत लिहून ठेवलं. म्हणजे विसरले नाहीत. प्रत्येक सिनेमात आठवण काढली माझ्या चुकीची."

"मग जा आणि सांगून टाका. दादा नाहीत, पण त्यांची माणसं आहेत."

"आणि ते चिडले तर?"

"दातांचा डॉक्टर आहे. चिडून चिडून काय करेल? दात काढेल!"

रविवारी सकाळी दहाला आम्ही हॉलवर. हे आदल्या दिवशीच जाऊन रूळ टाकून आले होते, तरी पुन्हा सगळ्या पाचरी ठोकून बघितल्या. लोक यायला लागले. दचकप्रेमी मंडळात एकमेकांना भेटल्यावर कसे आहात, बरे आहात, असलं काही विचारत नाहीत. मागून जायचं आणि कानात "भॉ!" करायचं. समोरच्यानं दचकायचं, नाहीतर तो अपमान. मी दारात उभी राहिले आणि पाच मिनिटांत सात वेळा दचकले. आठव्याला मी वळून पर्स उगारली. तो पोस्टातला कारकून होता, अंगावर पांढरी चादर, चादरीला दोन भोकं आणि भोकांवरून चष्मा. "वहिनी, तुम्हाला सभासद करून घ्यायलाच हवं," म्हणाला. चाळीस एक माणसं असतील. निम्मी भुतं होती आणि निम्मी नुसतीच खूश. पहिल्या रांगेत काठी घेऊन एक म्हातारी बाई बसल्या होत्या, साध्या कपड्यांत, पायाशी एक जुनी पत्र्याची पेटी. त्या दचकवेंच्या धाकट्या बहीण, पेटी दचकवेंच्या सामानाची, आणि ती कार्यक्रमाच्या शेवटी सगळ्यांसमोर उघडायची, असं डॉक्टरनं सांगितलं.

सुरुवात श्रद्धांजलीनं. डॉक्टर माइकवर म्हणाला, "शांतता त्यांना कधीच आवडली नाही. आपण सगळे उभे राहून एक मिनिट किंचाळणार आहोत. खालच्या विणकामाच्या वर्गाला कल्पना दिलेली आहे." आणि घड्याळ बघून हात खाली केला. काय सांगू तुम्हाला! चाळीस माणसं बेंबीच्या देठापासून किंचाळतायत. म्हातारी काठी आपटून किंचाळतेय. चष्मेवालं भूत किंचाळता किंचाळता रडतंय, कारण त्याची आणि त्याच्या बायकोची ओळख म्हणे दचकवेंच्या सिनेमाच्या मध्यंतरात झाली होती. मी आधी तोंडावर हात ठेवून उभी होते, मग मला वाटलं, आपण कोणाचं घोडं मारलंय? मीही दिली एक. तीस वर्षांची सगळी गिऱ्हाइकं त्या किंकाळीत निघून गेली. इतकं हलकं वाटलं मला की विचारू नका. फक्त आमचे हे भिंतीला टेकून खाली मान घालून उभे होते, बुटांची टोकं बघत.

मग ट्रॉली. प्रत्येकानं बसायचं, हातात छोटा कॅमेरा, मागून दुसऱ्यानं ढकलायचं आणि शापाल करायचं. पहिला डॉक्टर. त्याचा सिद्धान्त असा, की श्वास रोखून ठेवून ठरलेल्या क्षणी कंबरेतून वजन मागे टाकायचं. त्यानं टाकलं. ट्रॉली गेली तशीच गेली. दुसऱ्यानं उडी मारून बघितली. चादरवालं भूत मागे झुकलं ते सरळ मागे पडलं, आणि चादरीतून हात-पाय शोधायला दोघांना मदत करावी लागली. एकीनं शिंक काढून बघितली. काही म्हणजे काही होईना, कारण त्या बिचाऱ्यांचं दुर्दैव असं, की रूळ आमच्या ह्यांनी टाकले होते. त्यांच्यावर भरलेला पेला ठेवला असता तरी सांडला नसता.

बाराव्या वेळेला डॉक्टर उतरला आणि रुळावरच बसला. "नाही जमायचं," म्हणाला. "वर्षभर मी डोकं फोडतोय. ते गुपित त्यांच्याबरोबर गेलं." आणि माझ्या दंडाला कोणाची तरी बोटं लागली.

"तुझी चप्पल दे," हे म्हणाले.

मी क्षणभर ह्यांच्याकडे बघितलं. मग डावी काढली आणि दिली. ह्यांनी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले, अनवाणी रुळाकडे गेले. चप्पल हातात फिरवली, टाच पुढे करून एका रुळावर ठेवली, अंगठ्यानं दाबून बघितली. डॉक्टरला म्हणाले, "बसा. कॅमेरा डोळ्याला लावा. श्वास वगैरे काही नको." आणि ढकललं. अडतीस वर्षांनी ढकलत होते, पण मी सांगते, एक पाऊल वाजलं नाही. ट्रॉली चपलेपाशी आली, चाक टुणकन वर चढलं, कॅमेरा छताकडे उडाला आणि परत खाली. मागच्या पडद्यावर ते चित्र सगळ्यांना दिसत होतं. चाळीसच्या चाळीस माणसं खरोखरची किंचाळली. विणकामाच्या वर्गातून दोघी बायका सुया घेऊन वर धावत आल्या.

"तेच! तेच ते!" डॉक्टर ट्रॉलीवरून खाली उडी मारून ह्यांना कवटाळायलाच निघाला. "काका, तुम्हाला शापाल कुठून माहीत?"

"शापाल नाही," हे म्हणाले. "चप्पल."

"म्हणजे?"

मग आमचे हे बोलले. चाळीस वर्षांत मी ह्यांच्या तोंडून एवढं सलग कधी ऐकलं नव्हतं. "ती चप्पल माझी होती. मी दादांची ट्रॉली ढकलायचो. चप्पल रुळाच्या कडेला ठेवायला नको होती, मी ठेवली. त्यांचा शॉट माझ्यामुळे बिघडला. ते काही बोलले नाहीत, आणि मी दुसऱ्या दिवशी तोंड दाखवलं नाही. माफी मागायची राहून गेली. तुम्ही सगळे त्यांच्यावर जीव टाकता, म्हणून तुमच्याकडे मागतो. चुकलं माझं."

मी एक पाय चपलेत आणि एक पाय जमिनीवर अशी ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, कोणी एक शब्द वाकडा बोलू दे, मग बघते. पण डॉक्टर नुसता उभा होता. त्याचे ओठ हलत होते. "सी, एच, ए…" तो पुटपुटला. मग खुर्चीत बसला. "बावीस पानं लिहिली मी," म्हणाला. "तळटीपांसकट." कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळा हॉल जो सुटला तो सुटलाच. सगळ्यात जास्त डॉक्टरच हसत होता, चष्मा काढून, पोट धरून. त्या गडबडीत चष्मेवाल्या भुतानं ह्यांना विचारलं, "पण काका, वर छताला कोण दिसतं हो? मला म्हातारी दिसते. ह्याला मुलगी दिसते." हे म्हणाले, "लाइटवाल्याचं बनियन होतं. वाळत घातलेलं." भुतानं दोन्ही हात डोक्याला लावले.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. ठक, ठक. म्हाताऱ्या बाई उठून उभ्या होत्या.

"मुंगी?" त्या म्हणाल्या. "तू मुंगी का रे?"

ह्यांनी मान हलवली. अडतीस वर्षांनी त्या नावानं कोणी हाक मारली होती.

"ये इकडे. पेटी उघड." ह्यांनी कड्या काढल्या. वर वह्या, त्यांच्याखाली एक मफलर, आणि मफलरात गुंडाळलेली एक तपकिरी चप्पल. जाड तळाची, डावी. अंगठ्याची शिवण मी ओळखली. तिथला दोरा थोडा सुटला होता आणि तेव्हा मीच तो घरी पक्का केला होता. डॉक्टर पुढे येऊन म्हणाला, "ही भुताची चप्पल. बहुतेक तिसऱ्या सिनेमातली." वर्षभर हा माणूस त्याच पेटीतून वह्या काढत होता, चप्पल बाजूला सारून!

ह्यांनी चप्पल उलटी केली. तळावर बोट फिरवलं, मग खिशातून चष्मा काढून लावला आणि पुन्हा फिरवलं. "ही खाच माझी," ह्यांनी मला दाखवलं. "चाक तिरकं चढलं होतं. पण ह्या बाकीच्या माझ्या नाहीत. सरळ आहेत. मुद्दाम घातल्यात." आणि नखानं मोजायला लागले. तिरकी एक आणि सरळ दहा.

"अकरा सिनेमे," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तो ही चप्पल काखेत मारून घरी आला ना, तो नाचत. मला म्हणाला, छोटे, मी सात वर्षं जी भीती शोधत होतो ती एका पोरानं रुळावर ठेवली. ती फिल्म धुऊन बघेपर्यंत जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तुझी वाट बघत बसला. मग माणसं पाठवली. पण मुंगी म्हणून कोणाला शोधायचं? रस्त्यात उभं राहून मुंगी कुठे राहते विचारलं तर लोक काय म्हणतील? त्यानंतर प्रत्येक सिनेमात ट्रॉलीवाल्याला म्हणायचा, चप्पल घाल. हीच. दुसरी चप्पल त्याला चालायची नाही. एकदा एकानं नवी आणली तर म्हणाला, हिला भीती वाटत नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि तरी ते आलंच. हे चपलेकडे बघत उभे होते. दादा चिडलेले नव्हते. एक दिवससुद्धा चिडलेले नव्हते. ह्यांनी चप्पल हळूच मफलरात गुंडाळली आणि परत पेटीत ठेवली. बाई म्हणाल्या, "अरे, घेऊन जा, तुझीच आहे." हे म्हणाले, "नको. आता ती दादांची आहे." मग एखाद्या शाळकरी मुलासारखं लाजत डॉक्टरला विचारलं, "तो सिनेमा दाखवाल का? मी बघितलेला नाही."

डॉक्टरनं खिडक्यांचे पडदे ओढले. सगळ्यांनी मिळून ह्यांना मधल्या खुर्चीत बसवलं, मला शेजारी. नावं सुरू झाली. नट, नटी, संगीत, दिवे. आणि मग एकटीच एक ओळ आली, 'ट्रॉली: मुंगी'. मागून टाळ्या आणि शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतला. हे खिशातली पाणसळ घट्ट धरून बसले होते.

तो बोळ आला. नायिका चाललीय, कॅमेरा मागे. ह्यांना सगळं माहीत होतं. कुठे पाचर होती, कुठे वायर होती, चप्पल कुठून सरकली, वर काय टांगलं होतं. माझ्या कानात सांगायलासुद्धा लागले, "आता बघ हं, आता…" आणि चित्र छताकडे उडालं. आमचे हे खुर्चीतून वीतभर वर उडाले, "अगं आई गं!" करून माझं मनगट पकडलं आणि पाणसळ खाली पडून घरंगळत गेली. चाळीस माणसांनी मागून एकदम "भॉ!" केलं.

हे हसायला लागले. इतके हसले की खोकला लागला. मग माझं मनगट न सोडता म्हणाले, "चांगलं झालंय गं." डोळे पुसले. आणि थोड्या वेळानं, अगदी हळू आवाजात, "ते बनियन नव्हतं."

परत जाताना वाटेत चपलांचं दुकान उघडं होतं. हे आत गेले आणि पाच मिनिटांत बूट पिशवीत आणि नव्या चपला पायात घालून बाहेर आले. तपकिरीच घेतल्या. आता सकाळी दूध आणायला जातात ते फटक फटक वाजत, जिन्यावरून तीन मजले ऐकू येतं. चाळीस वर्षं मुंगी होते, आता म्हातारपणी घोडा झालेत. माझ्या डाव्या चपलेला तळाशी ती खाच राहिलीय. चालताना टाच मधूनच उडते आणि मी अर्धा सेकंद दचकते. "नवी घे ना," हे म्हणतात. मी नाही घेणार.